बारीक माणसाची साखर

पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरच्या चौकात सकाळी सात वाजता उभं राहिलं, की शिरूर तालुक्यातल्या दोन पिढ्यांची अंगकाठी शेजारीशेजारी दिसते. पाबळच्या बाजूनं आलेला साठीचा शेतकरी उन्हानं रापलेला, अंगानं बारीक, पोट पाठीला लागलेलं. कंपनीच्या बसची वाट पाहणारा तिशी ओलांडलेला गडीही हातापायांनी तितकाच बारीक, पण शर्टाची खालची बटणं ताणलेली. हे दोघं बापलेकही असू शकतील. समजा दोघांची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६० किलो आहे. वजनकाट्याला दोघं सारखेच. डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यात दोघांचा बीएमआय २२ निघतो, म्हणजे दोघंही ‘सामान्य’. टेपचं मत मात्र वेगळं पडतं. बापाची कंबर ७६ सेंटिमीटर, लेकाची ९२. पुढच्या दहा वर्षांत मधुमेह कुणाला गाठेल याचा अंदाज बांधायचा असेल, तर काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवावा. या प्रकरणात सांगायचं आहे ते हेच. त्याचे भक्कम पुरावे जगात जिथे जिथे गोळा झाले, त्यातली एक जागा पुणे जिल्ह्यातली खेडी आहेत.

आधी बीएमआय काढण्याच्या भागाकाराबद्दल. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, ही रीत आदोल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाची, १८३०च्या दशकातली. केतले खगोलशास्त्राचा माणूस. त्याला रोगी तपासायचे नव्हते. समाजातला ‘सरासरी माणूस’ कसा असतो, ते आकड्यांत मांडायचं होतं. १९७२मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या पुरुषांची मापं घेऊन हा भागाकार बऱ्यापैकी उपयोगी ठरवला आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. त्या पाच देशांत भारत नव्हता, आणि बायका तर एकाही देशातल्या नव्हत्या. पुढे विमा कंपन्यांपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे तोच आकडा चालू लागला. सोपा आहे, स्वस्त आहे, आणि लाखो लोकांची सरासरी काढायला चांगला आहे. पण तो वजन कशाचं आहे हे विचारत नाही. स्नायूचा किलो आणि चरबीचा किलो त्याला एकच. ती चरबी दंडावर आहे, मांडीवर आहे की पोटात यकृताभोवती, याच्याशीही त्याला कर्तव्य नाही.

चरबी कुठे आहे याला महत्त्व आहे, हे मार्सेयच्या जाँ वाग या फ्रेंच डॉक्टरांनी १९४७मध्येच लिहिलं होतं. पोटावर लठ्ठपणा असलेल्यांना मधुमेह आणि हृदयविकार जास्त, मांड्या-नितंबांवर असलेल्यांना कमी. हे निरीक्षण बरीच वर्षं तसंच पडून राहिलं.

पुण्यात या प्रश्नाला हात घातला तो केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. ऑक्सफर्डहून परतल्यावर त्यांच्यासमोर जे रुग्ण बसत, ते पाठ्यपुस्तकातल्या मधुमेह्यासारखे नव्हतेच. पुस्तकातला रुग्ण म्हातारा आणि लठ्ठ. पुण्यातला चाळिशीच्या आसपासचा, बीएमआयच्या हिशेबात बारीक किंवा मध्यम. मग याला मधुमेह का? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या कंबरेची व नितंबांची मापं घेतली. १९९१मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: भारतीय माणसाच्या रक्तातल्या साखरेचं नातं एकूण लठ्ठपणापेक्षा मध्यभागी साठलेल्या चरबीशी जास्त आहे. पुणेकराचं पोट सुटणं हा खात्यापित्या घरचा थाट नाही, तो इशारा आहे, असं त्या मापांवरून दिसलं. ‘तब्येत भरली’ म्हणून आपल्याकडे ज्याचं कौतुक होतं, त्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायला हवं, हे तेव्हापासून सिद्ध आहे.

याच विषयावरचा एक छोटासा लेख पुढे जगभर गाजला. जानेवारी २००४च्या ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला: लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे याज्ञिक. दोघांचा बीएमआय अगदी तंतोतंत २२.३. डेक्सा नावाच्या यंत्रानं दोघांच्या अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या विसंगतीला ‘वाय-वाय’ असं नाव पडलं. युडकिन धावत असत, हेही खरं. दोन माणसांवरून सिद्धांत उभा राहत नाही, हे त्या दोघांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण एवढा मोठा मुद्दा एका फोटोत पटवून देणारे लेख वैद्यकशास्त्रात फार नाहीत.

ही जास्तीची चरबी मोठेपणी खाण्यानं आली, की माणूस ती घेऊनच जन्माला येतो? याचं उत्तर शहरातल्या रुग्णालयात मिळण्यासारखं नव्हतं. त्यासाठी गावात जाऊन बाईला दिवस राहण्याआधीपासून मोजावं लागणार होतं. हे शक्य झालं, कारण केईएमचा पाय ग्रामीण भागात आधीच रोवलेला होता. डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२मध्ये शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं होतं. वढू शिक्रापूरपासून फार लांब नाही. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते महाराष्ट्राला माहीत आहे. आरोग्य संशोधनाच्या जगात त्याचं नाव का घेतलं जातं, हे मात्र आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असायला हवं.

पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी हा अभ्यास १९९३मध्ये, पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांत सुरू झाला. गावं अवर्षणाच्या पट्ट्यातली, शेती पावसाच्या भरवशाची. अडीच हजारांच्या आसपास विवाहित स्त्रियांची उंची, वजन, दंडाचा घेर, कातडीच्या चिमटीची जाडी नोंदवली गेली. मग कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारत. दिवस गेल्याचं कळलं की सोनोग्राफी, मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा मापं, आहाराची नोंद, रक्त. सासू-सासऱ्यांच्या घरात, पाहुण्यांच्या गर्दीत एका तरुण सुनेला महिन्याच्या महिन्याला पाळीबद्दल विचारायचं आणि खरं उत्तर मिळवायचं, हे काम किती नाजूक आहे ते खेड्यात वाढलेल्याला सांगायला नको. त्या कार्यकर्त्यांच्या आणि त्या मापं देणाऱ्या बायकांच्या चिकाटीवर आजचं मधुमेहाचं बरंच ज्ञान उभं आहे.

या आया सरासरी २१ वर्षांच्या होत्या. उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, वजन जेमतेम ४२ किलो. बाळाचं माप जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत घेतलं जाई. सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन होतं ३.५ किलो. इथपर्यंत नवल नाही, आपली बाळं लहान असतात हे माहीतच होतं. नवल पुढे आहे. पुण्याच्या बाळाचं प्रत्येक माप साउदॅम्प्टनच्या बाळाच्या मापाशेजारी ठेवून पाहिलं, तर सगळी मापं सारख्या प्रमाणात कमी नव्हती. सर्वांत जास्त तूट होती पोटाच्या घेरात आणि दंडात. डोकं आणि लांबी त्या मानानं बरी. आणि जवळपास राखलं गेलेलं एकच माप होतं: पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची जी चिमूट कॅलिपरनं धरतात, तिची जाडी. म्हणजे बाळाचे स्नायू कमी, पोटातले यकृतासारखे अवयव लहान, पण कातडीखालची चरबी बरीचशी शाबूत. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातलं हे बाळ जगभर ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय बाळ म्हणून ओळखलं जातं. अंगणवाडीच्या काट्यावर ते ‘कमी वजनाचं’ एवढंच दिसतं.

इथे वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. नवजात बाळाच्या पोटाचा घेर कमी असणं आणि मोठ्या माणसाच्या पोटाचा घेर कमी असणं यांचा अर्थ एक नाही. बाळाच्या पोटात मुख्यतः अवयव असतात, त्यामुळे तिथे कमी घेर म्हणजे अवयवांची कमी वाढ. चाळिशीतल्या माणसाच्या पोटाचा वाढलेला घेर अवयवांनी वाढलेला नसतो. माप तेच, वयाप्रमाणे त्याचं म्हणणं बदलतं. मापांवरून धोका सांगणाऱ्या कुठल्याही सूत्राकडे पाहताना हे ध्यानात असावं.

याच अभ्यासात आईच्या जेवणाबद्दलही एक गोष्ट दिसली. एकूण किती उष्मांक पोटात गेले याच्याशी बाळाच्या आकाराचं फारसं नातं निघालं नाही. नातं निघालं ते पालेभाज्या, दूध आणि फळांशी. ज्या आयांच्या ताटात या गोष्टी जास्त वेळा होत्या, त्यांची बाळं चांगली भरली होती.

पुढचा दुवा पुण्यातल्याच आणखी एका अभ्यासानं जोडला. केईएममध्ये जन्मलेल्या ४७७ मुलांना आठव्या वर्षी तपासलं, तेव्हा इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली ती जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी मोठ्या झालेल्या मुलांत. कमी वजनाच्या बाळाला पुढे भरभर ‘अंग धरायला’ लावणं प्रत्येक आजीला समाधान देतं. ते अंग कशानं भरतं आहे, हे पाहणं म्हणूनच महत्त्वाचं.

पोटाच्या चरबीत असं काय वाईट आहे? कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी आहे. दाणे कणगीत मावतात तोवर घर नीट चालतं. कणगी लहान असेल तर ती लवकर भरते आणि मग पोती माजघरात, चुलीजवळ, वाटेत कुठेही येऊन पडतात. आपल्यापैकी अनेकांची कणगी लहान आहे. म्हणून तुलनेनं थोडं वजन वाढलं तरी जास्तीची चरबी आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंत शिरते. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात, यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसताना रक्तात साखर सोडत राहतं. दुसरीकडे, जेवणानंतरची साखर ओढून घेणारा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे स्नायू, आणि तोच जन्मापासून कमी. मांडी-नितंबांवरची चरबी मात्र एवढी उपद्रवी नसते, उलट ती काही प्रमाणात राखणच करते. म्हणून कंबरेच्या मापाला नितंबाच्या मापानं भागून येणारा आकडा अर्थपूर्ण ठरतो. ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांवर झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी या गुणोत्तराचं नातं बीएमआयपेक्षा पक्कं निघालं.

आता टेप हातात घेऊ. माप चुकीचं घेतलं तर वरचं सगळं ज्ञान वाया जातं, म्हणून हे नीट वाचावं. पँटचा नंबर म्हणजे कंबरेचं माप नव्हे. पँट पोटाखाली घातली जाते. पोट वर कितीही वाढलं तरी वर्षानुवर्षं ३४चीच पँट येत असते. शेवटच्या बरगडीचा खालचा काठ आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बाजूला बोटांनी चाचपून शोधायचा, आणि त्या दोहोंच्या मध्यावर टेप लावायचा. पावलं थोडी फाकून सरळ उभं राहायचं, पोट आत ओढायचं नाही, नेहमीसारखा श्वास सोडला की आकडा वाचायचा. टेप जमिनीला समांतर हवा, अंगाला टेकलेला पण रुतलेला नसावा. शिंप्याचा जुना कापडी टेप वापरून ताणलेला असतो, तो नको. बायकांचं माप साडीवरून घेतलं तर निऱ्या आणि परकराची नाडी दोन-चार सेंटिमीटर सहज वाढवतात. म्हणून आडोसा हवा, माप घेणारी बाई हवी, आणि तिला घाई नको. दोनदा मोजावं.

आकडा आला की तो कशाशी ताडायचा? भारतीय डॉक्टरांच्या २००९च्या एकमतानुसार पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरला पोचली की उपायांना लागायला हवं. त्याआधीची सावधगिरीची पायरी पुरुषांना ७८ आणि बायकांना ७२. बीएमआयही जपून वापरायचा तर आपल्यासाठी ‘जास्त वजन’ २५ला नव्हे, २३लाच सुरू होतं. पण मला स्वतःला सर्वांत पटतो तो आणखी सोपा नियम: कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेनं २०२२मध्ये त्याची शिफारस केली. यात बुटक्या माणसावर अन्याय होत नाही. त्या सहा गावांतल्या १५२ सेंटिमीटरच्या बाईला ८०ची मर्यादा सैल पडते, तिची मर्यादा ७६ हवी. चौकातल्या १६५ सेंटिमीटरच्या गड्यालाही ९०पर्यंत थांबून चालणार नाही, त्याची हद्द साडेब्याऐंशीलाच संपते. सुतळीनं उंची मोजा, दुमडा, कंबरेला गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर कंबर जास्त आहे. याला आकडे वाचतासुद्धा येण्याची गरज नाही.

एकट्या कंबरेपेक्षा तिला दोन-तीन साध्या प्रश्नांची जोड दिली की अंदाज आणखी नेमका होतो. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये मांडलेल्या गुणांकनात चारच गोष्टी आहेत: वय, कंबर, अंगमेहनत आणि आई-वडिलांचा मधुमेह. शंभरपैकी ६० किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. शिक्रापूरच्या बसथांब्यावरचा तो गडी ३६ वर्षांचा आहे असं धरू: वयाचे २०, ९२ सेंटिमीटर कंबरेचे १०, बैठं काम आणि व्यायाम नाही याचे ३०, वडील किंवा आई मधुमेही असल्यास १०. बेरीज ७०. वजनकाट्यानं निर्धास्त केलेल्या माणसाची ही बेरीज आहे. गावोगावच्या आशाताई असंसर्गजन्य आजारांचा जो फॉर्म भरतात, त्यातही कंबरेचं माप आहे आणि एकूण गुण ४पेक्षा जास्त झाले की तपासणीला पाठवायचं असतं. त्या टेप घेऊन दारात आल्या तर ‘आम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून परत धाडू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१९-२१च्या फेरीत पहिल्यांदाच कंबर-नितंब गुणोत्तर मोजलं, तेव्हा देशातल्या ५७ टक्के बायका आणि ४८ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेपलीकडे निघाले. बीएमआयच्या आकड्यांतून ही गोष्ट कधी दिसली नव्हती.

एवढं सांगून थांबलो असतो, पण त्या सहा गावांतल्या मुलांनी टेपलाही मर्यादा दाखवून दिली आहे. १९९४ ते ९६च्या दरम्यान जन्मलेली ती बाळं अठरा वर्षांची झाली, तेव्हा ६१९ जणांची तपासणी झाली. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा, ४८ टक्क्यांचा, बीएमआय १८.५च्याही खाली होता, म्हणजे ती कमी वजनाचीच होती. तरीही ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत साखरेचं गणित बिघडलेलं निघालं, बहुतेकांत मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीवर. २०२१मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अठराव्या वर्षी ज्यांची साखर बिघडलेली होती, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा चढी होती. गर्भातली वाढ कमी पडली होती आणि स्वादुपिंड पुरेसं इन्शुलिन पुरवू शकत नव्हतं. कंबरेचा टेप साठवणीतला बिघाड दाखवतो, स्वादुपिंडाची ताकद त्याला कळत नाही. तिथे उपाशीपोटीची रक्ततपासणीच हवी, आणि ती कुणाला आधी करायची हे ठरवायला जन्माचं वजन उपयोगी पडतं.

म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड फेकू नका. मुलाचं जन्माचं वजन त्याच्या शाळेच्या दाखल्याइतकंच जपून ठेवा. ते अडीच किलोच्या आत असेल किंवा आई-वडिलांपैकी कुणाला शुगर असेल, तर मुलगा कितीही काटकुळा दिसला तरी अठराव्या वर्षी एकदा उपाशीपोटी रक्त तपासून घ्या. आशाताईंची मोजणी आज तिशीपासून सुरू होते. पुणे जिल्ह्यातल्याच मुलांनी तीस हे वय उशिराचं आहे हे दाखवून दिलं आहे. ही मोजणी अठरावर आणावी. कॉलेजात, आयटीआयमध्ये, रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांत भरती होताना उंची-वजनाच्या शेजारी कंबरेचा रकाना छापावा आणि तो भरला जाईल हे पाहावं. त्यासाठी एक टेप पुरतो.